छत्तीस वेळा हसलेली बाई

"माझ्या बायकोला हसायचा पगार मिळतो," असं लान्सी घरी येईल त्याला सांगायचा, आणि बर्था त्याच्याकडे डोळे वटारून बघायची. तो सांगत होता ते अगदीच खोटं नव्हतं, हीच खरी पंचाईत होती.

बर्था मूळची वसईची. बहारीनमध्ये येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली एकोणीस तिने मनामातल्या एका इन्शुरन्स कंपनीत मॅनेजरची सेक्रेटरी म्हणून काढली होती. कंपनीने एक दिवस ऑफिसच गुंडाळलं. बर्था नवऱ्याच्या व्हिसावर आली आणि नईममधल्या फ्लॅटमध्ये बसून कपाटं आवरायला लागली. एकच कपाट तिसऱ्यांदा आवरलं गेलं, तेव्हा लान्सीला तिची काळजी वाटायला लागली. तो झल्लाकच्या एका रिसॉर्टमध्ये बँक्वेटचा सुपरवायझर होता. तिथे नेहमी येणाऱ्या एका ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, माझ्या म्हाताऱ्या वडिलांना टायपिस्ट हवी आहे, कुणी ओळखीची आहे का? लान्सीने क्षणाचाही विचार न करता बायकोचं नाव सांगून टाकलं.

म्हणून आठवड्यातून चार दिवस बर्था सनदच्या त्या व्हिलात जायला लागली. तिथे तिला नॉर्मन क्रॅडक भेटले.

क्रॅडकसाहेब एकोणऐंशी वर्षांचे होते. उंच, पाठीत वाकलेले, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी एसीच्या भीतीने पायात लोकरी मोजे. इंग्लंडच्या एका बंदराच्या गावात बस कंडक्टरच्या घरी ते जन्मले. सोळाव्या वर्षी गॅस कंपनीत कारकून म्हणून चिकटले, आणि बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर विनोद लिहायला लागले. ते विनोद रेडिओवर गेले, मग साहेब टीव्हीवर गेले, आणि तिथे त्यांनी 'नोबडीज अंब्रेला' नावाची मालिका लिहिली. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात बसणारे दोन कारकून, आणि त्यांच्यातलं कधीच न संपणारं भांडण. ती सात वर्षं चालली. दर गुरुवारी संध्याकाळी रस्ते ओस पडायचे म्हणे. हे सांगताना साहेबांचे गाल लाल व्हायचे, आणि बर्थाला ते बघायला फार आवडायचं.

त्या वेळी स्टुडिओत तीनशे माणसं समोर बसवून मालिका चित्रित व्हायची. साहेब सेटच्या मागे अंधारात उभे राहायचे. नट दिसायचे नाहीत, दिसायला नकोच होते. त्यांना फक्त हशा ऐकायचा असायचा. पुढची मालिका चार भागांत बंद पडली, त्यानंतरची पडद्यावर आलीच नाही, आणि मग फोन वाजायचा थांबला. बावीस वर्षं वाजला नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, जीन तिचं नाव, आणि मुलीने वडिलांना उचलून इकडे आणलं.

आणि त्या हिवाळ्यात तो फोन वाजला! लंडनच्या एका चॅनलवरून इक्रा नावाची तरुण निर्माती बोलत होती. तिची आजी पाकिस्तानातून आली तेव्हा 'नोबडीज अंब्रेला' बघून इंग्रजी शिकली होती, आणि भांडायचीसुद्धा त्याच इंग्रजीत. इक्राने विचारलं, नवीन काही आहे का? अर्ध्या तासाचा एक भाग, बुधवार संध्याकाळपर्यंत. आवडला तर सहा भाग करू.

"बर्था, ते मला विसरले नाहीत!" साहेब मोजे घातलेल्या पायांनी गुळगुळीत फरशीवर चक्क नाचले. पडतील म्हणून बर्था दोन्ही हात पसरून त्यांच्या मागेमागे फिरली. दमून खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले, "ही शेवटची संधी आहे हं. ऐंशीच्या माणसाला नाही म्हटलं की परत कुणी विचारत नाही."

ते अर्थात इंग्रजीत बोलायचे आणि बर्थाही ऑफिसच्या इंग्रजीत उत्तर द्यायची. पण त्यांचा आनंद तिला वसईच्या घरातल्या माणसाचा असावा तसा कळायचा.

गोष्ट साधी होती. रॉय नावाचा म्हातारा, त्याची बायको नुकतीच वारलेली, आणि बायकोची थोरली बहीण मॉरीन त्याच्याकडे राहायला आलेली. दोघांचं एका बाबतीत पटेल तर शपथ. साहेब पेन्सिलीने लिहायचे, बर्था टाइप करायची, आणि मग साहेब तिला ते मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण समोर माणूस हसल्याशिवाय त्यांना पुढचं सुचत नसे. वाचताना रॉयही तेच व्हायचे, मॉरीनही तेच. विनोदाची जागा आली की थांबायचे आणि चष्म्यावरून बर्थाकडे बघायचे.

आणि बर्था हसायची.

विनोद कळो न कळो, हसायची. ब्रिटिश गॅस मीटरवरचे विनोद, तिने कधी न पाहिलेल्या पुडिंगवरचे विनोद, सगळ्यांना सारखंच. एकोणीस वर्षांत ती ऑफिसात एक गोष्ट पक्की शिकली होती: साहेब बोलता बोलता थांबले आणि आपल्याकडे बघायला लागले की हसायचं. याला ती लबाडी समजत नव्हती. दारात चपला काढाव्यात तशी ती रीत होती. आणि खरं सांगायचं तर तो म्हातारा चष्म्यावरून बघत ताटकळलेला तिला बघवत नसे.

बुधवारी दुपारी छापलेली शेवटची प्रत वाचून झाली. चौतीस पानं. बर्था जिथे जिथे हसली, तिथे तिथे साहेबांनी पेन्सिलीने त्या ओळींभोवती गोल केला. तेवढ्यात त्यांना दवाखान्यात न्यायला मुलगी आली. हॉलमधून कोटात हात घालत ते ओरडले, "स्वच्छ कर आणि पाठवून दे, बर्था!"

बर्थाने प्रत समोर ओढली. तिच्या जुन्या मॅनेजरची एक पद्धत होती. पत्राच्या मसुद्यात जे नको असेल त्याला तो गोल करायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि बर्था तेवढं काढून पत्र स्वच्छ टाइप करायची. एकोणीस वर्षांत असे किती गोल तिने पुसले असतील, देव जाणे. हे गोल बघून तिला क्षणभर वाईट वाटलं. एवढं सगळं काढायचं? बिचाऱ्यांना शेवटच्या क्षणी धीर सुटलेला दिसतो. पण साहेबांच्या निर्णयात नाक खुपसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने एकेक गोल शोधून आतलं सगळं काढलं, ओळी जुळवल्या, पानांचे आकडे नीट केले. चौतीसची एकवीस पानं झाली. साडेचारला तिने ती लंडनला पाठवली, पर्स उचलली आणि घरी गेली.

गुरुवारी सकाळी साहेब दारातच उभे होते.

"छत्तीस!" ते म्हणाले. "रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोजले. छत्तीस गोल, छत्तीस हशे. अंब्रेलाच्या वेळी तीस झाले तरी आम्ही पार्टी करायचो, बर्था! अजून जमतंय मला."

बर्थाच्या तोंडचं पाणी पळालं. ते गोल कशाचे होते ते तिला तेव्हा कळलं. तिने हसायचा प्रयत्न केला, तर ओठच हलेनात. दिवसभर तिने काय टाइप केलं ते तिचं तिला ठाऊक नव्हतं. सांगायला तोंड उघडावं, तर साहेब शीळ घालत चहा ढवळत होते.

घरी आल्यावर तिने दार लावलं आणि लान्सीला सगळं सांगितलं. लान्सीने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"खलास," तो म्हणाला. "कॉमेडी रायटरची कॉमेडीच काढलीस? सगळी?"

"सगळी."

"अगं मग आत्ताच्या आत्ता दुसरी पाठव ना. सॉरी, राँग फाइल. हॉटेलात आम्ही दिवसातून दहा वेळा करतो. यल्ला, चल, उघड लॅपटॉप."

सल्ला चांगला होता. नवऱ्यांचे सल्ले क्वचित चांगले असतात, त्यातला हा होता. बर्थाने लॅपटॉप उघडला, दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या, आणि कुठली कुठली हे परत तपासायला लागली. तेवढ्यात सतरा वर्षांची निकोल मागे येऊन उभी राहिली. निकोलला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते. तिने आईच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली, आणि एका जागी ती फसकन हसली.

"कशाला हसतेस गं?" बर्था दचकून म्हणाली.

निकोलने बोट दाखवलं. तिथे एवढंच होतं:

'चहा घेणार?'

'तू करणार असलास तर.'

'मी करणार नाहीये.'

'मग नको.'

'मी फक्त विचारलं.'

'मी फक्त उत्तर दिलं.'

"मम्मा, धिस इज यू अँड डॅडा," निकोल म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. लान्सी वाकून बघायला आला, त्याने वाचलं, आणि बायकोकडे बघून तोही हसला. मग बर्थाने तिला दुसरी फाइल दाखवली, छत्तीस विनोदांची. त्यात 'मी करणार नाहीये' नंतर गॅस मीटरवरचा एक विनोद होता आणि 'मग नको' नंतर पुडिंगवरचा. निकोलने गंभीर चेहऱ्याने चार पानं वाचली.

"व्हाय इज ही ट्रायिंग सो हार्ड?" ती म्हणाली.

बर्थाचा हात थबकला. आता ती स्वतः वाचायला लागली. बुधवारी तिने फक्त गोल शोधले होते, वाचलं काहीच नव्हतं. एकवीस पानं वाचता वाचता ती तीनदा हसली, कुणीही तिच्याकडे बघत नसताना. आणि शेवटच्या पानाशी आली तेव्हा नाक पुसायला तिला टिश्यू शोधावा लागला. तिने लॅपटॉप मिटला.

"पाठवलीस?" लान्सीने विचारलं.

"नाही."

"का नाही?"

"माहीत नाही," बर्था म्हणाली. ते खरं होतं. तिला एवढंच माहीत होतं, की बुधवारी झाली ती चूक होती, आणि आता जे होतंय ते ती मुद्दाम करते आहे.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मासला ती उभं राहायचं होतं तिथे बसली आणि बसायचं होतं तिथे उभी राहिली. चर्चमधून बाहेर पडल्यावर तिने फोन बघितला. साहेबांची मेल तिच्याच फोनवर यायची. इक्राने लिहिलं होतं: 'वाचलं. रडले. मग पुन्हा वाचलं आणि हसले. सोमवारी तुमच्या चार वाजता व्हिडिओवर बोलू. माझे दोन वरिष्ठ असतील. निर्णय तेच घेतात.'

भर पार्किंगमध्ये बर्थाने लान्सीचा हात एवढा दाबला, की तो ओरडला.

तिने साहेबांना फोन करून सोमवारची वेळ सांगितली. एवढंच सांगितलं. समोरून तिला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. साहेब पुन्हा नाचत होते.

सोमवारी ती सकाळी सांगणार होती. सकाळी साहेब दाढी करत होते. मग जेवणानंतर सांगणार होती, तर साहेबांनी घासही घेतला नाही. पावणेचारला साहेब टाय लावून लॅपटॉपसमोर येऊन बसले आणि हात चोळत म्हणाले, "बघू, छत्तीसमधला कुठला त्यांना सगळ्यात आवडला ते." आता मात्र बर्थाला राहवेना.

"एकही नाही, सर," ती म्हणाली. "तिकडे एकही गेलेला नाही."

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जुन्या मॅनेजरचे गोल, एकवीस पानं, दुसरी फाइल चुकून राहिली नव्हती, तर तिने मुद्दामच पाठवली नव्हती, तेही. ती ऑफिसात सांगायची तशी क्रमाने सांगत गेली.

क्रॅडकसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "छत्तीसच्या छत्तीस?"

"हो, सर."

"पण तू हसलीस! प्रत्येकाला हसलीस, मी स्वतः ऐकलं!"

इथे बर्थाला खोटं बोलता आलं असतं. एकोणीस वर्षांची सवय होती, जिभेवर शब्द तयार होते. "तुम्ही माझ्याकडे बघायचात, सर," ती म्हणाली. "म्हणून हसायचे."

साहेबांनी गळ्यातला टाय सैल केला. बर्थाला वाटलं, ओरडले असते तरी परवडलं असतं. मग ते एकदम उठले, बसले, परत उठले. "मी त्यांना सांगतो. चुकीची कॉपी गेली म्हणून सांगतो. विनोदाशिवाय काय उरतं? दोन म्हातारी माणसं स्वयंपाकघरात! कोण बघणार ते? खरी कॉपी दे. कुठे आहे खरी कॉपी?"

बर्थाने दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या, आणि लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर तीन चेहरे आले. मधली इक्रा, दोन्ही बाजूंना कोट घातलेले दोन गृहस्थ. नमस्कार-चमत्कार झाले न झाले तोच साहेब म्हणाले, "इक्रा, आधी एक सांगायचंय. तुमच्याकडे जी कॉपी—"

"नंतर, नंतर!" इक्रा एवढ्या उत्साहात होती, की तिला दमच निघत नव्हता. "आधी स्वयंपाकघराचा सीन वाचून दाखवा ना. यांना तुमच्या तोंडून ऐकायचाय. मॉरीन कुणीतरी वाचेल का तिथे?"

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. दोन प्रती. बर्थाने एकवीस पानांची प्रत उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि स्वतः शेजारची खुर्ची ओढून बसली. तिने असा आगाऊपणा आयुष्यात कधी केला नव्हता.

साहेबांनी तिच्याकडे रागाने बघितलं, आणि वाचायला सुरुवात केली. उरकून टाकायचं म्हणून वाचावं तसं, सपाट आवाजात. "चहा घेणार?"

"तू करणार असलास तर," बर्थाने वाचलं.

"मी करणार नाहीये."

"मग नको."

लंडनहून हशा आला. तिघांचाच, पण खराखुरा, न थांबवता आलेला. साहेब दचकले. ते तिथे थांबलेच नव्हते, कुणाकडे बघितलंही नव्हतं. त्यांनी पुढची ओळ जरा सावकाश वाचली. पुन्हा हशा. डावीकडच्या गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला. साहेबांची पाठ सरळ झाली, आवाजात जोर आला. बर्थालाही चेव चढला. ती लान्सीशी भांडते तशी मॉरीन वाचायला लागली, आणि उजवीकडचा माणूस टेबलावर थापा मारायला लागला. बावीस वर्षांनी हा आवाज साहेबांच्या कानांवर पडत होता. त्यांचे डोळे चमकायला लागले.

मग ते शेवटच्या पानावर आले. तिथे रॉय मॉरीनला गेलेल्या बायकोच्या कपाबद्दल विचारतो.

"तिचा कप कुठे ठेवलास?"

"कपाटात."

"कुठल्या?"

"तू उघडत नाहीस त्या."

पुढची ओळ रॉयची होती. 'उघडलं होतं मी. रविवारी. लगेच लावून टाकलं.' मूळ प्रतीत तिला लागूनच वाळवीवरचा एक विनोद होता, आणि बुधवारी साहेबांनी ती ओळ त्या विनोदाच्या तोऱ्यातच वाचून टाकली होती. आता पुढे विनोद नव्हता. पुढे काहीच नव्हतं.

"उघडलं होतं मी," साहेब म्हणाले. "रविवारी." आणि थांबले.

या वेळी ते चष्म्यावरून बघत नव्हते. त्यांची नजर कागदावर होती आणि ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. बर्थाला कळलं, की हा रॉय नाही. सनदच्या या घरात, मुलीने आणलेल्या खोक्यांत कुठेतरी बायकोचा, जीनचा कप आहे, आणि या माणसाने दोन वर्षं तो बघितलेला नाही. त्याने स्वतःला त्याच्यापासून वाचवायला छत्तीस विनोद रचले, आणि मी ते सगळे काढून घेतले. तिला रडू कोसळेल असं वाटलं. पण मॉरीनने रडायचं नव्हतं. मॉरीनची पुढची ओळ नुसतं 'मग?' अशी होती, आणि ती या माणसाला आत्ता विचारणं बर्थाला शक्य नव्हतं.

"बस तू," ती म्हणाली. "चहा मी करते."

इक्राने तळहाताने डोळे पुसले, आणि उजवीकडचा माणूस घसा साफ करत म्हणाला, "सहा. सहाच्या सहा भाग घेऊ. आज पत्र पाठवतो." तिघं एकदम बोलायला लागले. त्या गडबडीत इक्रा हातातले कागद मागेपुढे करत म्हणाली, "पण शेवटची ओळ आमच्या कॉपीत नाहीये. आणि नॉर्मन, तुम्ही सुरुवातीला कॉपीबद्दल काहीतरी सांगत होतात ना?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, चष्मा पुसला, आणि तो लावून शेजारी बसलेल्या बाईकडे बराच वेळ बघितलं. ती हसली नाही.

"हो, तेच सांगत होतो," ते म्हणाले. "कॉपीत एक ओळ राहून गेली होती. ती आत्ता बर्थाने घातली."